फी भरायची तारीख येण्याआधी : पहिल्यांदाच शिष्यवृत्ती शोधणाऱ्या घरांसाठी

जुलैतली दुपार. ऑफिसच्या खिडकीपाशी एक वडील उभे होते. हातात कापड दुकानाची प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. शेजारी मुलगी, तिच्या हातात इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचं अलॉटमेंट लेटर. एकेक कागद त्यांनी काढून काउंटरवर ठेवला. जातीचा दाखला होता. नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असल्याचं प्रमाणपत्र, होतं, पण त्याची मुदत ३१ मार्चलाच संपलेली. उत्पन्नाचा दाखला वडिलांच्या नावाचा हवा होता, तो आजोबांच्या नावाचा निघाला. जातीच्या दाखल्यावर मुलीचं नाव ‘सुनिता’ आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘सुनीता’. एका वेलांटीचा फरक. मुलगी पात्र होती, योजना होती, सरकारकडे पैसेही होते. त्या वर्षीची सवलत मात्र हुकली. फी त्यांनी घरातलं सोनं गहाण ठेवून भरली.

कॉलेजात शिष्यवृत्तीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काम केलं. अपात्र ठरल्यामुळे पैसे न मिळालेली मुलं मला फार कमी दिसली. पात्र असून कागद वेळेत नसल्यामुळे हात हलवत परत गेलेली पुष्कळ दिसली. म्हणून पैशांची शोधाशोध प्रवेशानंतर सुरू करू नका. दहावीचा किंवा बारावीचा निकाल लागण्याआधी, उन्हाळ्याच्या सुट्टीतच कामाला लागा. पुढे जे लिहिलं आहे ते महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी आहे, आणि विशेषतः ज्यांच्या घरात याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही त्यांच्यासाठी.

आधी खर्चाचा आकडा काढा

वहीचं एक पान घ्या. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, परीक्षा फी, वसतिगृह, मेस, पुस्तकं, लॅपटॉप किंवा साहित्य, येण्या-जाण्याचा खर्च. प्रत्येकासमोर वर्षाचा आकडा लिहा. बहुतेक जण फक्त ‘फी किती’ एवढंच विचारतात आणि राहण्या-जेवणाचं काय ते बघू म्हणतात. प्रत्यक्षात शहरात राहून शिकणाऱ्या मुलाचा खोलीचा आणि जेवणाचा खर्च पुष्कळदा फीच्या बरोबरीने जातो, आणि मूल पहिल्या वर्षी घरी परत येतं ते बहुधा याच खर्चापायी.

हे पान पुढे फार उपयोगी पडतं, कारण प्रत्येक योजना यातल्या ठरावीक ओळीच भरून काढते. शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ट्यूशन फीला लागते, मेसच्या बिलाला लागत नाही. निर्वाह भत्ता राहण्या-जेवणासाठी असतो. कर्जात बहुतेक सगळ्या ओळी बसतात, पण ते फेडायचं असतं. कुठल्या ओळीसमोर कुठला पैसा, हे त्याच पानावर लिहीत चला. ज्या ओळीसमोर काहीच उरणार नाही, तेवढ्यापुरतीच घरची जमवाजमव.

कागद

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पुढचं सगळं याच्यावर उभं राहतं.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांच्या सहीचा लागतो. त्यासाठी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल आणि नोकरी असेल तर फॉर्म १६ किंवा पगाराचा दाखला लागतो. अर्ज सेतू केंद्रातून किंवा आपले सरकार सेवा केंद्रातून भरता येतो. दाखला आर्थिक वर्षाच्या हिशेबाने चालतो आणि मुदत ३१ मार्चला संपते. म्हणून फेब्रुवारीत घाईने काढलेला दाखला जुलैत उपयोगी पडेल असं धरून चालू नका. एप्रिल-मे महिन्यात नवा काढा. जून-जुलैत सेतूसमोर रांगा लागतात आणि सर्व्हर दिवसदिवस रखडतो, तेव्हा सुट्टीतच हे काम उरकलेलं बरं.

अधिवासाचा दाखला, म्हणजे वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र, एकदा काढला की पुन्हा लागत नाही. रेशन कार्ड, आधार, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला हे घरात असतंच. शिक्षणात मध्ये एखादं वर्ष खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र लागतं.

इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग आणि एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) यांना नॉन-क्रिमीलेअर लागतं. त्यासाठी मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागतात, त्यामुळे ते एका दिवसात होत नाही. खुल्या प्रवर्गातल्या आर्थिक दुर्बल कुटुंबांसाठी ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र असतं. वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, ही त्याची मुख्य अट.

आता जात पडताळणी, म्हणजे पोरांच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’. इंजिनिअरिंग, मेडिकल, फार्मसी अशा व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जायचं असेल तर हे प्रमाणपत्र लागतंच, आणि त्याला महिने लागतात. अकरावीत प्रवेश झाला की कॉलेजमधूनच अर्ज टाका. बारावीच्या निकालाची वाट पाहिली की उशीर झालाच म्हणून समजा. या अर्जासाठी कुटुंबाचं जुनं वास्तव्य आणि जात सिद्ध करावी लागते आणि त्यासाठी ठरलेल्या तारखा आहेत. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखेच्या आधीचा कागद हवा. म्हणजे आजोबा, पणजोबा किंवा चुलत आजोबांचा.

तो मिळतो कुठे? पहिलं ठिकाण गावची जुनी जिल्हा परिषद शाळा. आजोबा एक इयत्ता जरी शिकले असतील तरी शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरमध्ये त्यांची नोंद असते, आणि मुख्याध्यापक त्या नोंदीचा उतारा देतात. आजोबा शाळेतच गेले नसतील तर तहसील कचेरीच्या रेकॉर्ड रूममधला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद. जुने लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. बरीचशी मोडीत असते, तेव्हा मोडी वाचणाऱ्याकडून लिप्यंतर करून घ्यावं लागतं. घरातल्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाची, म्हणजे वडील, काका, सख्खा भाऊ यांची व्हॅलिडिटी आधीच झाली असेल तर ती जोडा, काम पुष्कळ सोपं होतं. आजी-आजोबा हयात आहेत तोवर त्यांना विचारून घ्या की कुठल्या गावी, कुठल्या शाळेत, आडनाव तेव्हा काय लावत होते. हे सांगणारं माणूस गेलं की कागद शोधणंही अवघड होऊन बसतं.

सगळे कागद हाती आले की एका ओळीत मांडा आणि नावाचं स्पेलिंग, मधलं नाव, जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून पाहा. आधार कार्ड आणि दहावीची गुणपत्रिका यांत फरक असेल तर आधार दुरुस्त करून घ्या, कारण दहावीच्या गुणपत्रिकेत बदल करणं फार जिकिरीचं असतं. मग सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक फाइलला तिचं नाव द्या. ‘आयएमजी ००४५’ असल्या नावाच्या फाइलींमुळे उत्पन्नाच्या जागी रेशन कार्ड अपलोड झालेले अर्ज मी कितीतरी पाहिले आहेत.

प्रवेश कुठल्या मार्गाने घेता

यावर फार कमी पालक विचार करतात आणि नंतर हळहळतात. राज्याच्या बहुतेक शिक्षण शुल्क योजना फक्त केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेल्या प्रवेशांना लागू होतात. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत जाते, घरची परिस्थिती कितीही बेताची असो. अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांचंही तसंच. तिथला चकचकीत ब्रोशर घेऊन येणारा माणूस ‘स्कॉलरशिप होईल’ म्हणतो तेव्हा त्याला विचारा : कुठली योजना, कुठल्या विभागाची, आणि ते लेखी द्याल का?

माझा सल्ला असा की दोन कॉलेजं उन्नीस-बीस असतील तर जिथे सवलत लागू होते ते निवडा. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांची फी मुळातच कमी असते, तिथे एक-दोन टक्के कमी ‘नाव’ असलं तरी चार वर्षांत घरावर पडणारा भार निम्म्याहून खाली येतो.

कोणाला कुठली योजना

राज्य सरकारच्या मॅट्रिकोत्तर, म्हणजे दहावीनंतरच्या, योजना महाडीबीटी पोर्टलवर एका ठिकाणी आहेत. नियमांत दरवर्षी थोडे बदल होतात, म्हणून त्या वर्षीचा शासन निर्णय, म्हणजे जीआर, वाचायची सवय लावा. भाषा किचकट असते, पण ‘पात्रता’ आणि ‘अटी’ हे दोन भाग वाचले तरी पुरतं.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या कुटुंबाचं उत्पन्न २.५ लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यात फीबरोबर निर्वाह भत्ताही येतो. उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे फक्त फीची सवलत. अनुसूचित जमातींसाठी अशाच योजना आदिवासी विकास विभागाच्या आहेत. इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त, विशेष मागास प्रवर्ग यांच्या योजना इतर मागास बहुजन कल्याण विभागाकडे.

खुल्या प्रवर्गातल्या घरांना वाटतं की आपल्यासाठी काहीच नाही. हा समज चुकीचा आहे. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठीच आहे आणि तिच्यात निम्मी ट्यूशन फी मिळते. एका कुटुंबातल्या दोन अपत्यांपर्यंत ती लागू होते.

मुलींसाठी मोठा बदल ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने झाला. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि इतर मागासवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन फी आणि परीक्षा फी १०० टक्के माफ झाली. आधी ही सवलत ५० टक्के होती. प्रवेश मात्र कॅपमधूनच हवा. ज्या घरात ‘मुलीला बीए करू, इंजिनिअरिंग झेपणार नाही’ अशी चर्चा चालली असेल, तिथे हा निर्णय आधी वाचून दाखवा.

तंत्रशिक्षणातल्या मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्तीही आहे. डिप्लोमा किंवा पदवीच्या मुलींना वर्षाला ५० हजार रुपये, एका घरातल्या दोन मुलींपर्यंत, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी तशीच सक्षम शिष्यवृत्ती. या दोन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरायचे असतात, महाडीबीटीवर त्या दिसत नाहीत.

घरात धाकटं भावंड आठवीत असेल तर त्याला एनएमएमएस, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकांसाठीच्या राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. पालकांचं उत्पन्न ३.५ लाखांच्या आत हवं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये. शाळेतल्या शिक्षकांना विचारलं की फॉर्म भरून मिळतो.

स्पर्धा परीक्षा किंवा संशोधन करायचं असेल तर आपल्या प्रवर्गाच्या संस्थेची माहिती ठेवा. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती. प्रशिक्षण, विद्यावेतन, अधिछात्रवृत्ती यांच्या जाहिराती त्यांच्या संकेतस्थळावर येतात आणि मुदत थोडी असते.

फॉर्म आणि बँक खातं

महाडीबीटीवर आधारच्या ओटीपीने नोंदणी होते. म्हणून आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे ना, हे पहिल्यांदा बघा. प्रोफाइल पूर्ण भरल्यावर तुम्ही पात्र असलेल्या योजना समोर येतात. अर्ज कॉलेजच्या लिपिकाकडे जातो, तिथून संबंधित विभागाच्या अधिकाऱ्याकडे. मध्ये कुठेही त्रुटी निघाली तर अर्ज तुमच्याच लॉगिनला परत येतो. पुष्कळ मुलं अर्ज भरून निवांत होतात आणि परत आलेला अर्ज महिनोन्महिने तसाच पडून राहतो. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून पाहा. शेजारच्या कॅफेवाल्याने फॉर्म भरून दिला असेल तर युजरनेम आणि पासवर्ड स्वतःच्या वहीत लिहून घ्या, आणि नंबर स्वतःचाच द्या.

आता बँक खातं. शिष्यवृत्तीचे पैसे खाते क्रमांकावर जात नाहीत, आधारला जोडलेल्या खात्यात जातात. तुमची चार खाती असली तरी आधारच्या व्यवहारांसाठी त्यातलं एकच जोडलेलं असतं, आणि ते बहुधा शेवटी जोडलेलं. एक मुलगा सात महिने ‘पैसे आलेच नाहीत’ म्हणून खिडकीशी येत राहिला. पोर्टलवर रक्कम जमा दिसत होती, पासबुकात नव्हती. शेवटी आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची, म्हणजे आधारला कुठली बँक जोडली आहे याची, स्थिती तपासली. सिम कार्ड घेताना दुकानदाराने अंगठा घेऊन एका पेमेंट बँकेत त्याचं खातं उघडलं होतं, आणि पैसे तिथे येऊन पडले होते. त्याला त्या खात्याचा पत्ताही नव्हता. ही तपासणी पाच मिनिटांत होते. अर्ज भरण्याआधीच करा. आधारला भलतंच खातं जोडलेलं निघालं तर आपल्या बँकेच्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरून द्या.

काही योजनांत फीचा हिस्साही विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि तो सात दिवसांच्या आत कॉलेजला भरायचा असतो. पोराच्या खात्यात अचानक मोठी रक्कम दिसली की घरची एखादी नड भागवायचा मोह होतो. तो पैसा कॉलेजचा आहे. तो खर्च झाला की परीक्षेच्या वेळी हॉल तिकिटापाशी अडचण उभी राहते.

प्रवेशाच्या वेळी कॉलेजने पूर्ण फी मागितली तर नम्रपणे, पण ठामपणे विचारा की शिष्यवृत्तीस पात्र विद्यार्थ्याला किती भरायची आहे. पात्र विद्यार्थ्यांकडून सवलतीची रक्कम आधी वसूल करू नये, असे आदेश सरकारने वेळोवेळी काढले आहेत. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तरीही ऐकलं नाही तर जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे किंवा तंत्रशिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयात तक्रार करता येते.

राहण्या-जेवणाचा खर्च

सरकारी वसतिगृहाचा अर्ज पहिल्यांदा करा, कारण तिथे राहणं-जेवण दोन्ही मोफत असतं. तिथे जागा मिळाली नाही तर भत्त्याच्या योजना आहेत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांत वर्षाला ६० हजार, इतर महापालिका क्षेत्रांत ५१ हजार आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना. इतर मागास आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना. या शेवटच्या योजनेसाठी अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो. सातबारा आणि आठ-अ घेऊन तो काढून ठेवा.

पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण भागातल्या गरजू मुला-मुलींना अल्प खर्चात राहायला-जेवायला देते. डॉ. अच्युतराव आपट्यांनी सुरू केलेली ही संस्था. मुलाखत होते आणि राहणाऱ्याने कामात हातभार लावावा अशी अपेक्षा असते.

‘कमवा आणि शिका’ ही तर आपल्या मातीतली योजना. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था उभी केली आणि श्रम करून शिकण्याचा मान वाढवला. आज विद्यापीठं आणि कॉलेजं ग्रंथालय, बाग, कार्यालय, प्रयोगशाळा अशा ठिकाणी विद्यार्थ्यांना तासावर काम देतात. रक्कम मोठी नसते, पण मेसचं बिल बरंचसं त्यातून निघतं. जागा मोजक्या असतात. कॉलेज सुरू झाल्याच्या पहिल्या आठवड्यातच विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा.

ट्रस्ट आणि कंपन्यांची मदत

सरकारी योजनेत न बसणाऱ्यांसाठी, किंवा तिच्यातून उरलेल्या ओळींसाठी, हे दार आहे. बँका आणि मोठ्या उद्योगसमूहांचे प्रतिष्ठान दरवर्षी अर्ज मागवतात. जातीच्या आणि समाजाच्या संस्था, गावातली पतपेढी, वडिलांच्या कारखान्याचा कामगार कल्याण निधी, बांधकाम कामगार मंडळ अशा जवळच्या ठिकाणी आधी विचारा. तिथे अर्ज करणारे कमी असतात. बांधकाम मजूर मंडळाकडे नोंदलेला असेल तर त्याच्या मुलांच्या शिक्षणाला मंडळाकडून वेगळं अर्थसाहाय्य असतं. वडिलांची नोंदणीच झालेली नसेल तर आधी ती करून घ्या.

ट्रस्टच्या अर्जात ‘स्वतःबद्दल लिहा’ असं एक पान असतं. मुलं लिहितात, ‘मी गरीब कुटुंबातून आलो असून मला शिक्षणाची आवड आहे.’ समितीसमोर अशी शेकडो पानं येतात. एका मुलीचं पान अजून माझ्या लक्षात आहे. तिने लिहिलं होतं : ‘आई पहाटे चारला उठून डबे करते. सकाळी सहापर्यंत बावीस डबे पोचवायचे असतात. त्यातले आठ मी सायकलवर पोचवते आणि मग कॉलेजला जाते. बारावीला गणितात ९१ आले. फार्मसीची वर्षाची फी आणि मेस मिळून जेवढी रक्कम लागते, त्यातली निम्मी आम्ही भरू शकतो.’ तिने दया मागितली नव्हती. काय करते, काय मिळवलं, किती कमी पडतंय, एवढंच सांगितलं होतं. तसं लिहा. खरं लिहा, कारण मुलाखतीत तेच विचारतात.

एक अट नीट वाचा. पुष्कळ ठिकाणी एका वेळी एकच शिष्यवृत्ती घेता येते. दोन घेतल्याचं उघड झालं तर पैसे परत करावे लागतात. अटी लहान अक्षरात असतात म्हणून त्या लहान नसतात. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परत आल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांनीही केला होता.

कुठलाही शिष्यवृत्तीवाला तुमच्याकडून ‘प्रोसेसिंग फी’ किंवा ओटीपी मागत असेल तर फोन ठेवा. सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नसतं. सेवा केंद्रवाला फॉर्म भरण्याचे पैसे घेतो, ते वेगळं.

कर्ज

वहीतल्या पानावर अजूनही रिकाम्या ओळी राहिल्या, तर शैक्षणिक कर्ज. त्याची भीती बाळगू नका, पण हिशेब करूनच सही करा.

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला पदरचा हिस्सा भरावा लागत नाही आणि तारणही नाही. सरकारच्या हमी योजनेमुळे ७.५ लाखांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळू शकतं. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. अभ्यासक्रम संपून साधारण एक वर्षापर्यंत हप्ता सुरू होत नाही, आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत फेडता येतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. देशातल्या निवडक दर्जेदार संस्थांत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदार दोन्हींशिवाय कर्ज, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळात ३ टक्के व्याजसवलत. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते आधी पाहा. तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ४.५ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना त्या काळातलं व्याज पूर्ण सरकार भरतं, अशीही केंद्राची योजना आहे. इतर मागासवर्गीयांसाठी राज्याच्या वित्त आणि विकास महामंडळाची शैक्षणिक कर्ज व्याज परतावा योजना आहे, त्यात देशातल्या शिक्षणासाठी १० लाखांपर्यंतचं कर्ज धरतात. परदेशी जाणाऱ्यांसाठी जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून कर्जरूपी शिष्यवृत्ती देते.

हप्ता सुरू नसला तरी व्याज चालूच असतं, हे बँकेतला माणूस घाईत नीट सांगत नाही. समजा चार वर्षांत दरवर्षी दीड लाख असे ६ लाख उचलले आणि दर १० टक्के सरळ व्याज. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचे ७५ हजार, दुसऱ्यावर ६० हजार, तिसऱ्यावर ४५ हजार, चौथ्यावर ३० हजार. हप्ता सुरू होईल तेव्हा तुमच्यावर ६ लाखांचं नव्हे, ८ लाख १० हजारांचं ओझं असेल. पहिल्या वर्षी महिन्याचं व्याज १,२५० रुपये होतं. तेवढं भरत राहिलात, आणि पुढे वाढेल तसं वाढवत गेलात, तर शेवटी मुद्दल ६ लाखच राहतं. घराला जमत असेल तर हे जरूर करा.

पहिल्या शाखेने ‘आमच्याकडे होत नाही’ म्हटलं तर निराश होऊ नका. लेखी अर्ज द्या आणि नकाराचं कारण लेखी मागा. वडिलांचा जुना ट्रॅक्टरचा किंवा पीककर्जाचा हप्ता थकला असेल तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा गुणांक, खराब दिसतो, ती थकबाकी आधी मिटवा. खासगी फायनान्स कंपन्या लवकर कर्ज देतात, पण त्यांचा दर चढा असतो. त्यांच्याकडे शेवटी जा.

कॉलेजऐवजी हुनर शिकायचा असेल

सरकारी आयटीआयची फी अगदी कमी असते आणि तिथल्या विद्यार्थ्यांसाठीही शिष्यवृत्त्या आहेत. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते आणि त्या काळात दरमहा विद्यावेतन मिळतं. डिप्लोमा आणि पदवीधरांसाठीही अशी सोय आहे. नोंदणी केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर होते. खासगी ‘नोकरीची हमी’ देणाऱ्या क्लासला ५० हजार मोजण्याआधी हा रस्ता तपासा.

दुसरं वर्ष

शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली म्हणजे पुढची वर्षं आपोआप येत नाही. दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो आणि त्याला मागच्या वर्षाची गुणपत्रिका लागते. विषय राहिले किंवा हजेरी कमी पडली तर अडतं. म्हणून पहिल्या वर्षी मिळालेल्या प्रत्येक कागदाची प्रत, अर्ज क्रमांक, फीची पावती एकाच फाइलमध्ये ठेवा, आणि फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर प्रत्येक दाखला कधी संपतो ती तारीख लिहा. सुनीताच्या वडिलांनी पुढच्या वर्षी नेमकं हेच केलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते खिडकीशी आले, तेव्हा पिशवी तीच होती, पण आत निळी फाइल होती, आणि तिच्या आत तारखांचा तो कागद. तिचा अर्ज त्या वर्षी आमच्या टेबलावर आलेला पहिला अर्ज होता.